व्हिएन्नाला गेलेला माणूस

बाजूच्या फाटकाची कडी वाजली आणि मी होतो तिथेच, फ्रीजजवळ, खाली बसलो. हातात चहाचा कप होता. फरशीवर ठेवताना आवाज होईल म्हणून तो मांडीवरच धरला. चहा हिंदकळून पायजम्यावर सांडला, चटका बसला, तरी हललो नाही. बाहेर विनीतावहिनींच्या चपला सिमेंटवरून फटफटत गेल्या, नळ सुटला, झारी भरायला लागली. वहिनी आमच्या शेजारच्या. रोज ऊन उतरलं की मंजिरीच्या तुळशीला पाणी घालायला त्या मागच्या अंगणात यायच्या, कारण मंजिरी जुलैत वारली आणि मी, तिचा नवरा, ख्रिसमससाठी व्हिएन्नाला गेलो होतो. निदान सगळ्यांना तसं माहीत होतं. वहिनींच्या नवऱ्याने, संजीवने, मला स्वतः विमानतळावर सोडलं होतं. बॅग उतरवून दिली, मिठी मारली. "एन्जॉय कर म्हणणार नाही, उल्हास. पण जाऊन ये," असं म्हणाला. आणि मी टार्निटमध्ये, माझ्याच घरात, पडदे ओढून, फ्रीजला पाठ टेकून बसलो होतो.

एसी लावता येत नव्हता. त्याचं बाहेरचं यंत्र वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच आहे, सुरू झालं की घरघरतं. डिसेंबर म्हणजे इथे भर उन्हाळा. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, बाहेर चाळीसच्या वर गेलं होतं आणि घर दिवसभर भट्टीसारखं तापत होतं. मला याची गंमत वाटायला हवी होती, कारण माझं काम थंडीचं आहे. ट्रुगनिनाला एका मोठ्या कोल्ड स्टोअरमध्ये मी फ्रीजर दुरुस्त करतो. उणे बावीसमध्ये जाऊन पंखे आणि कॉइल बघायचे, बाहेर येऊन हात चोळायचे, परत आत जायचं. पिंपरीला होतो तेव्हाही हेच करायचो, फक्त फ्रीजर लहान होते. मंजिरीने एकदा विचारलं होतं, "तुमच्या फ्रीजरमध्ये बर्फ पडतो का हो?" मी म्हटलं, "पडत नाही. साचतो." ती म्हणाली, "मग काय उपयोग?" तेव्हा मी हसलो होतो. बर्फाचा काय उपयोग असतो, असं माझ्या मनात आलं होतं. माझा सगळा जन्म बर्फ खरवडून काढण्यात गेलेला.

ती हॉपर्स क्रॉसिंगच्या एका वृद्धाश्रमात काम करायची. तिथे मिसेस लाइटनर नावाच्या बाई होत्या, व्हिएन्नात जन्मलेल्या. मंजिरी त्यांची वेणी घालायची. त्यांनी स्वतःहून कधी मागितली नसती अशी वेणी, आपली, घट्ट, तीन पेडांची. त्या बदल्यात बाई तिला लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. सकाळी डोळे उघडायच्या आधीच त्यांना कळायचं की बाहेर बर्फ पडतोय, कारण खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रामची घंटा रजईत गुंडाळल्यासारखी यायची. बर्फाला स्वतःचा आवाज नसतो आणि तो दुसऱ्यांचेही आवाज कमी करतो. मंजिरीच्या डोक्यात हे बसलं. जेवताना मधेच म्हणायची, "खरंच आवाज नसेल? इतकं सगळं वरून खाली पडतंय आणि आवाज नाही?" इथे ख्रिसमसला आम्ही शॉर्ट घालून संजीवच्या अंगणात बार्बेक्यूवर पनीर भाजायचो आणि माश्या हाकलायचो. "एकदा खरा ख्रिसमस बघू," ती म्हणायची. मार्चमध्ये तिकिटं काढली. मे महिन्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंड. डॉक्टरने चित्र काढून दाखवलं होतं, ते चित्र मला माशासारखं वाटलं. जुलैत संपलं.

दहाव्याला आम्ही वेरिबी नदीच्या काठी गेलो. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, म्हणून त्यांनी लंच ब्रेकमध्ये वेळ काढला होता. पिंड ठेवला. आधी मॅगपाय पक्षी आले, दोन, काळे-पांढरे, गुबगुबीत, अगदी हक्काने. संजीव रुमाल झटकत त्यांच्यामागे धावला. "तुम्ही नाही रे, तुम्ही नाही!" मागून कुणीतरी म्हणालं, "काय हरकत आहे? आपण पण इथलेच सिटिझन झालोय की." लोक हसले आणि मग हसल्याची लाज वाटून गप्प झाले. नंतर कावळा आला. इथल्या कावळ्याचा डोळा पांढरा असतो. तो निलगिरीच्या फांदीवर बसून राहिला, पिंडाकडे बघत, आणि खाली येईना. गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांनी पिशवीत दर्भाचा कावळा करून आणला होता. तो शिवला तरी शास्त्रात चालतं, म्हणाले. रुचा, आमची मुलगी, टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, ती हात जोडून म्हणाली, "आई, मी बाबाकडे लक्ष देईन." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "मंजिरी, तुझी तुळस मी जगवीन गं." नाही. रुचा रडत म्हणाली, "आई, मी लग्न पण करीन, ओके?" तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "ख्रिसमसला व्हिएन्नाला जाईन." वाक्य संपायच्या आत तो खाली आला. चोच मारली, एकदा, दोनदा, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. वहिनींनी मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणजे ती होती. म्हणजे ती तिथे फांदीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला एवढंच ऐकायचं होतं.

तेराव्यानंतर दुखवट्याची टॉवेल-टोपी द्यायची म्हणून संजीव शॉपिंग सेंटरमध्ये हिंडला. टोपी कुठली मिळणार इथे. त्याने लोकरीची आणली, राखाडी, कानावर ओढायची. "तिकडे कामाला येईल," म्हणाला. वर्षभर सण करायचा नाही म्हणून दिवाळीला आम्ही आकाशकंदीलसुद्धा लावला नाही. ख्रिसमसचं काय, असं रुचाने विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तो आपला सण नाही ना, मग चालतो." सगळं असं जमून आलं होतं. तिचं तिकीट रुचाने रद्द केलं. माझं राहिलं.

विमानतळावर मी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. बाई बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होती आणि म्हातारा तिला "लागलंय गं" अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या भाषेत सांगत होता. तेव्हा माझ्या मनात आलं की कावळा माझ्या शब्दासाठी थांबला होता. पण शब्द म्हणजे काही जाणं नव्हे. शब्द दिला म्हणून ती खाली आली, आणि आता तो पाळला जायची वाट बघत असेल. इथेच कुठेतरी असेल. घरात, तुळशीपाशी, गॅरेजमध्ये तिच्या रबरी चपला आहेत तिथे. आणि मी व्हिएन्नाला गेलो, तिथल्या ख्रिसमस बाजाराच्या चौकात उभा राहिलो, डोक्यावर बर्फ पडला, की तिचं काम झालं. मग ती कशासाठी थांबेल? जिची इच्छा पुरी झाली ती सुटते, हे मला लहानपणापासून सांगितलेलं आहे. ती सुटावी म्हणूनच तर सगळे करतात. मला ती सुटायला नको होती. इतकं स्पष्ट मला आयुष्यात काही कळलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने हात वर करून मला बोलावलं आणि मी बॅग घेऊन वळलो, बसने स्टेशनला, तिथून ट्रेनने टार्निटला आलो आणि अंधार पडल्यावर स्वतःच्या घरात चोरासारखा शिरलो. शिरताना हळूच म्हटलं, "नाही गेलो गं." कसलं समाधान वाटलं मला. पहिल्यांदा पोटभर झोपलो.

त्यानंतर दिवस असे होते. व्हिएन्ना आमच्यापेक्षा दहा तास मागे. पहाटे मी उठायचो तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची आणि फोनवर त्या चौकातला कॅमेरा लागायचा. कुठल्यातरी उंच इमारतीवर बसवलेला, चोवीस तास चालू, आवाज नसलेला. खाली लाकडी टपऱ्या, झाडांवर दिवे, कपातून वाफ निघणारं काहीतरी पिणारी माणसं. मी ती माणसं ओळखायला लागलो. टपरीमागचा जाडा माणूस, झाडू मारणारी बाई, रोज एकटाच येऊन कप दोन्ही हातांत धरून उभा राहणारा लांब कोटातला एक जण. त्याच्याकडे बघून वाटायचं, हा मी असायला हवा होतो. मी त्या चित्राचे फोटो काढून रुचाला आणि वहिनींना पाठवायचो. "छान आहे. थंडी आहे." उत्तरादाखल रुचा हृदय पाठवायची. बर्फ मात्र पडत नव्हता. पाऊस पडायचा, धुकं यायचं, फरशी ओली चमकायची, पण बर्फ नाही, आणि मला बरं वाटायचं. मग एकदा गर्दीतून मरून कोट घातलेली एक बाई गेली. मंजिरीने या प्रवासासाठी घेतलेला कोट मरून आहे, आतल्या कपाटात टांगलेला. मी उठून कपाट उघडलं. कोट होता. पण त्या बाईची चाल, डावा खांदा जरा खाली, पिशवी त्याच हातात. ती टपरीच्या आड गेली आणि पुन्हा दिसली नाही. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत स्क्रीनकडे बघत राहिलो. ती वाट बघून कंटाळली असेल आणि एकटीच गेली असेल तर? ती तिकडे आणि मी इकडे तापलेल्या घरात पडदे लावून तिला धरून ठेवतोय असं समजत बसलोय. त्या दिवशी मी खोल्यांतून तिला शोधत फिरलो, खरोखर, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. आवाज न करता शोधणं फार वाईट असतं. हाकही मारता येत नाही.

वहिनी मात्र रोज बोलायच्या. पाणी घालताना तुळशीशी, म्हणजे मंजिरीशी. काचेपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "काय गं, आज काय पेटलंय बाहेर. तुझी पानं बघ कशी झालीत. तुझ्या नवऱ्याने फोटो पाठवलाय, दिवे बघ नुसते. एकटा गेलाय, मोजे तरी धुतोय की नाही देव जाणे." एकदा म्हणाल्या, "संजीवला म्हटलं, आपण पण जाऊ. तर म्हणतो, आधी बाथरूमच्या टाइल्स. तुझा नवरा बरा होता बाई, बोलत नाही पण नेतो." मी फरशीवर बसून ऐकायचो. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं माझ्या तोंडावर बोललं नसतं.

पण संध्याकाळचं एक पाणी पुरत नव्हतं. दुपारी वारा असा यायचा की तुळशीची पानं कुस्करल्यासारखी व्हायची, माती कुंडीपासून सुटायची. पडद्याच्या फटीतून मी बघत राहायचो. मंजिरीने ते रोप डँडेनाँगच्या कुणाकडून तरी मांडीवर ठेवून आणलं होतं. एका दुपारी मला बघवेना. रस्त्यावर कुणी नव्हतं, अशा उन्हात कोण असणार. मी दार हातभर सरकवलं, तांब्या घेऊन जवळजवळ रांगत गेलो आणि पाणी ओतलं. मातीने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला. मग रोजच जायला लागलो. मला वाटलं, तापलेल्या कुंडीतलं पाणी संध्याकाळपर्यंत वाळेल. नाही वाळलं.

वहिनींनी पहिल्यांदा संजीवला फोन केला. "तू घातलंस का पाणी मंजिरीकडे? नाही? मग माती ओली कशी?" दुसऱ्या वेळी त्या कुंडीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांची सावली पडद्यावर पडली होती, आणि मी त्या सावलीच्या पायाशी असल्यासारखा खाली बसलो होतो. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "मंजू, तूच घालतेस का गं?" "अजून इथेच आहेस? अगं, तो गेला ना तिकडे. शब्द पाळला. मग का अडकलीस?" त्या रडायला लागल्या. "तहान लागते का तुला? भाजत असेल गं इथे." तिला इथे ठेवलं तर ती कशात राहील याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मला वाटलं होतं ती घरात असेल, कपाटाजवळ, सावलीत. वहिनी तिथेच उभ्या राहून फोनवर बोलायला लागल्या आणि थोड्या वेळाने माझ्या मांडीवरच्या, आवाज बंद केलेल्या फोनवर उजेड पडला. त्यांचा व्हॉइस मेसेज. त्या गेल्यावर मी कानाला लावून ऐकला. जे काचेतून ऐकलं होतं तेच पुन्हा. "भावजी, रागावू नका, पण विचारते. तिथे तिचं नाव घेतलंत का हो? म्हणजे मोठ्याने? नसेल घेतलं तर घ्या. ती सुटत नाहीये. मला कळतंय."

मी उत्तर लिहिलं, "घेतो." आणि ते पाठवल्यावर तोंडावर पाणी मारायला बाथरूममध्ये गेलो, पण आवाज होईल म्हणून नळ सोडता आला नाही.

ख्रिसमसच्या संध्याकाळी रुचाने व्हिडिओ कॉलसाठी हट्ट धरला. इतके दिवस मी नेट बरोबर नाही म्हणून टाळत होतो. तिकडे सकाळ असणार होती. मी स्वेटर घातला, त्यावर कोट, आणि संजीवने दिलेली राखाडी टोपी कानांवर ओढली. मागे पांढरी भिंत येईल असा हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलो. दोन मिनिटांत पाठीवरून घाम वाहायला लागला.

"मेरी ख्रिसमस, बाबा! अरे, तू घामाघूम का झालायस?"

"हीटर आहे. फार लावतात इथे."

"मग टोपी काढ ना, सिली." ती हसली. डबल शिफ्ट करून आली होती, डोळ्यांखाली काळं होतं. "बाबा, एक विचारू? तुझे सगळे फोटो वरून कसे असतात? तू कुठे चढून बसतोस?"

"हॉटेल उंच आहे."

"खाली उतरतोस की नाही? आईला गर्दीत फिरायचं होतं. गरम भाजलेले चेस्टनट खायचे होते." तिने डोळे चोळले. "स्नो पडला का रे?"

"नाही पडला अजून."

तेवढ्यात मागच्या अंगणात कुंपणावर कावळा ओरडला. इथला कावळा काव काव करत नाही. लहान मूल झोपेतून उठून कंटाळून रडतं तसा लांबवत नेतो, शेवट खाली पाडतो. तो दोनदा ओरडला. स्क्रीनवर रुचाचा चेहरा तसाच राहिला, फक्त डोळे बदलले. ती याच घरात मोठी झाली आहे.

"बाबा," ती म्हणाली, "तू कुठे आहेस?"

मी फोन पालथा केला. तिचा आवाज टेबलाच्या लाकडातून येत राहिला, "बाबा? बाबा, टॉक टू मी. बाबा, रागावणार नाही मी." मग मी तो बंद केला. आणि तेव्हा फाटकाची कडी वाजली.

पडद्याच्या फटीतून मला दिसलं. वहिनी आज साडी नेसून आल्या होत्या. झारीकडे गेल्या नाहीत. त्यांच्या हातात कागदाची ताटली होती, त्यावर दहीभात, आणि कडेला प्लम केकचा तुकडा. त्यांनी ती तुळशीपाशी ठेवली, मागे सरकल्या, हात जोडले. कावळा कुंपणाच्या पत्र्यावर होता. पांढऱ्या डोळ्याने बघत होता. "ये," वहिनी म्हणाल्या. "घे. तुझ्या आवडीचा केकपण आणलाय." तो पत्र्यावर दोन पावलं डावीकडे गेला, परत आला. शेजारी कुठेतरी मुलं पाण्यात खेळत ओरडत होती, संजीवच्या बार्बेक्यूचा धूर येत होता. "मंजू, काय राहिलं गं आता? रुचा बरी आहे. तुळस आहे. हा पण गेला, तू म्हणालीस तिथे गेला. अजून काय करायचं आम्ही, सांग ना." संध्याकाळच्या लांबलेल्या उन्हात त्यांचं कपाळ लाल झालं होतं. भाताच्या वरचं दही सुकायला लागलं होतं. त्या दुसऱ्या कशाचं वचन द्यावं ते शोधत होत्या, मला दिसत होतं, ओठ हलत होते. "मी तुझ्या नवऱ्याला रोज डबा देईन," त्या म्हणाल्या. "चालेल?" कावळा नाही आला. काय राहिलं होतं ते तिथे एकट्या मला माहीत होतं. मला वाटलं, मी हललो नाही तर ही बाई अंधार पडेपर्यंत अशी उभी राहील, उद्या परत येईल, आणि तो पक्षी उद्याही तिथेच बसेल, आणि मंजिरी या दोघांच्या मधे उन्हात. पण मी हललो तर ती जाईल. दोन्ही हातांनी मी पडदा धरून ठेवला होता. ओला कोट पाठीला चिकटला होता. मी तिला विचारलं, मनात, काय करू. तिचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. ती काय म्हणेल ते मला माहीत होतं, पण ते माझ्याच आवाजात येत होतं.

मी दार सरकवलं.

वहिनी ओरडल्या नाहीत. हात जोडलेलेच राहिले. कोट, टोपी, घाम गळणारं तोंड, अनवाणी पाय, असा मी चटके देणाऱ्या सिमेंटवर उभा होतो. "वहिनी, मी गेलोच नाही," मी म्हटलं. "पहिल्यापासून इथेच आहे."

मला वाटलं, आता शिव्या देतील. मी त्या ऐकायला तयार होतो. त्यांनी हळूच तुळशीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"म्हणजे पाणी तुम्ही घालत होतात?"

"हो."

"दुपारी?"

"हो."

त्यांचा चेहरा असा काही झाला की मला तो बघवेना. त्या तिथेच, पायरीवर, चांगल्या साडीत मटकन खाली बसल्या. "मला वाटलं ती आहे," त्या म्हणाल्या. "रोज येताना मला वाटायचं, आज परत माती ओली असू दे. जा म्हणत होते तिला तोंडाने, आणि घरून निघताना म्हणायचे, असू दे, आजपण असू दे." पदर तोंडात धरून त्या रडायला लागल्या, मोठ्याने, कुणी ऐकेल याची पर्वा न करता. मी त्यांच्याजवळ बसलो. ती नव्हती. माती मी भिजवत होतो आणि वहिनी तिच्याशी बोलत होत्या आणि मी काचेमागे बसून ऐकत होतो. आम्ही दोघांनी मिळून तिला इथे ठेवलं होतं, आणि ती कुठेच नव्हती, कपाटात नाही, तिकडच्या चौकात नाही, त्या पत्र्यावर नाही. मी टोपी काढली. डोक्यावरून वारा गेला, गरम, पण वारा. मग माझ्या तोंडून तिचं नाव निघालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने, कुणाला ऐकू जाईल अशा आवाजात. हाकेसारखं. ते कुंपणापलीकडे गेलं आणि मुलांचं खेळणं क्षणभर थांबलं. कुणी ओ दिली नाही.

आत टेबलावर फोन थरथरत होता. रुचा असणार. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घ्या तो. पोरीचा जीव जाईल."

मी उठलो. उठताना सवयीने ताटलीकडे बघितलं. केक होता तसाच होता. भात नव्हता. पत्र्यावर कुणी नव्हतं. वहिनींनीही बघितलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो कोणी खाल्ला, ते आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.